आर्थिक आराखडा कागदावर जमतो, पण वेळेला का फसतो? तपासणी आणि दुरुस्तीचा क्रम

नेहमीचा आर्थिक आराखडा एका ओळीत मावतो. दरमहा एवढी रक्कम बाजूला काढा, वर्षाला एवढे टक्के परतावा धरा, निवृत्तीच्या वेळी एवढी पुंजी जमेल. बेरीज-गुणाकार बरोबर असतात. पण त्या ओळीत पगार कधीच थांबत नाही, बाजार दरवर्षी नेमकी सरासरीच देतो, महागाई सगळ्या खर्चांवर सारखीच चढते आणि माणूस ठरलेल्या वयापर्यंतच जगतो. यातलं एक जरी गृहीतक डळमळलं तरी पुंजी मोडावी लागते, आणि तीही बहुधा भाव पडलेले असताना.

खालचा क्रम म्हणून वेगळा आहे. आधी रोकड, मग कर्ज आणि विमा, मग परताव्याचा खरा आकडा, त्यानंतर आराखड्यावर ताण देऊन पाहणं, म्हणजे वाईट काळ धरून तो टिकतो का हे तपासणं. पैसे कशात गुंतवायचे हा प्रश्न त्याच्याही नंतर. बरेच जण याच प्रश्नापासून सुरुवात करतात आणि मागचं सगळं राहून जातं. उदाहरणांतले आकडे मुद्दाम छोटे आणि चलनाविना ठेवले आहेत. त्यांच्या जागी आपले आकडे घालून तीच आकडेमोड करा.

## तयारी: हिशेबाला बसण्याआधी

पुढची कागदपत्रं समोर असल्याशिवाय सुरुवात करू नका:

- मागच्या १२ महिन्यांचे सर्व बँक खात्यांचे आणि क्रेडिट कार्डांचे उतारे. तीन महिन्यांचे पुरत नाहीत, कारण विम्याचे हप्ते, शैक्षणिक शुल्क, दुरुस्त्या आणि प्रवास वर्षातून एकदा-दोनदाच येतात.
- प्रत्येक कर्जाची शिल्लक, व्याजदर, उरलेले हप्ते आणि मुदतपूर्व फेडीवर दंड आहे का, ही माहिती.
- प्रत्येक विमा पॉलिसीची विमा रक्कम, हप्ता, उरलेली मुदत आणि आज बंद केल्यास हाती येणारी रक्कम.
- प्रत्येक गुंतवणुकीचं आजचं मूल्य, वार्षिक व्यवस्थापन खर्च आणि पैसे किती काळ अडकलेले आहेत ते.

जोडीदार असेल तर दोघांनी मिळून बसा. एकट्याने केलेल्या हिशेबात दुसऱ्याचे छोटे-छोटे खर्च आणि जुनी देणी हमखास सुटतात.

सावधान: आठवणीवरून आकडे भरू नका. आठवणीतला खर्च जवळजवळ नेहमीच खऱ्या खर्चापेक्षा कमी निघतो, आणि पुढचा प्रत्येक टप्पा याच आकड्यावर उभा आहे.

## टप्पा १: वर्षाचा खर्च तीन रकान्यांत लिहा

पहिला रकाना अटळ खर्चाचा: राहणं, अन्न, औषधं, कर्जाचे हप्ते, विमा, शिक्षण. दुसरा गरजेच्या पण आटोक्यात आणता येणाऱ्या खर्चाचा. तिसरा ऐच्छिक. वर्षातून एकदाच येणाऱ्या खर्चाला १२ ने भागून तो मासिक आकड्यात धरा.

उत्पन्नाचे ठरावीक टक्के गरजांना, ठरावीक हौसेला आणि ठरावीक बचतीला, असं सांगणारे नियम इथे कुचकामी ठरतात. उत्पन्न कमी असेल तर अटळ खर्चच मोठा हिस्सा खातो आणि नियम पाळणं शक्यच नसतं. उत्पन्न जास्त असेल तर तोच नियम हौसेला नको तेवढी मोकळीक देतो. टक्केवारी विसरा आणि अटळ खर्चाचा आकडा पक्का करा. पुढे तो चार वेळा लागणार आहे.

पडताळा: वर्षाच्या उत्पन्नातून वर्षाचा खर्च वजा करा. उरलेली रक्कम बँकेतली वाढ आणि नवी गुंतवणूक यांच्या बेरजेइतकी यायला हवी. उत्पन्नाच्या ५ टक्क्यांहून जास्त तफावत असेल तर काहीतरी सुटलं आहे. ते सापडेपर्यंत पुढे जाऊ नका.

याच टप्प्यावर एक तुलना करून ठेवा. वर्षाअखेरीस १० याप्रमाणे १० वर्षं गुंतवले आणि ८ टक्के मिळाले, तर सुमारे १४५ जमतात. परतावा १० टक्क्यांवर गेला तर १५९. परतावा ८ टक्केच राहिला, पण बचत १० वरून १२ केली, तर १७४. पहिल्या दहा वर्षांत बचतीचा आकडा परताव्याच्या आकड्यापेक्षा जास्त काम करतो, आणि तो आपल्या हातात असतो. नेहमीचे सल्ले मात्र सगळा जोर परताव्यावर देतात.

## टप्पा २: निव्वळ मालमत्तेचे दोन आकडे काढा

मालमत्ता वजा देणी हा एकच आकडा दिशाभूल करतो. राहतं घर त्यात मोठं दिसतं, पण त्यातून पुढच्या महिन्याचा खर्च भागत नाही. म्हणून दोन आकडे लिहा. एक एकूण मालमत्तेचा. दुसरा फक्त अशा मालमत्तेचा, जी ३० दिवसांत, पडेल भावात न विकता, रोख करता येते. दुसऱ्या आकड्याला टप्पा १ मधल्या मासिक अटळ खर्चाने भागा. जे येईल तितके महिने आपण उत्पन्नाविना तग धरू शकतो.

आणखी एक गोष्ट इथेच तपासा: पगार आणि गुंतवणूक एकाच ठिकाणाहून तर येत नाही ना? अमेरिकेतली एन्रॉन कंपनी डिसेंबर २००१ मध्ये दिवाळखोरीत गेली, त्याच्या आदल्या वर्षाअखेरीस कर्मचाऱ्यांच्या निवृत्ती योजनेतला निम्म्याहून जास्त पैसा त्याच कंपनीच्या शेअरमध्ये होता. नोकरी आणि पुंजी एकदमच गेली. आपण काम करतो त्या कंपनीचे शेअर एकूण गुंतवणुकीच्या १० टक्क्यांवर जाऊ देऊ नका. त्याच उद्योगातल्या इतर कंपन्यांबाबतही हात आखडता ठेवा.

## टप्पा ३: आपत्कालीन निधी, नोकरीचं स्वरूप पाहून

'तीन ते सहा महिन्यांचा खर्च' हे सरसकट उत्तर आहे. त्याऐवजी असं मोजा: मासिक अटळ खर्च, गुणिले आपल्या कामात नवं उत्पन्न सुरू व्हायला लागणारे महिने, अधिक विम्यात न बसणारा सर्वांत मोठा एकरकमी खर्च.

घरात दोन स्वतंत्र, स्थिर पगार असतील तर सहा महिने पुरे. एकच कमावती व्यक्ती असेल तर नऊ ते बारा. उत्पन्न अनियमित असेल, किंवा कौशल्य इतकं विशेष असेल की नवी जागा मिळायला वेळ लागेल, तर बारा महिने ठेवा.

हा निधी शेअरमध्ये ठेवू नका. मंदीत नोकऱ्या आणि शेअरचे भाव बहुधा बरोबरच पडतात. २००८ मध्ये जगभर हेच दिसलं. ज्या दिवशी निधी लागेल, त्या दिवशी तो अर्धा झालेला असू शकतो.

## टप्पा ४: महाग कर्ज

क्रम असा: आधी आपत्कालीन निधीचा एक महिन्याचा भाग उभा करा, मग महाग कर्ज संपवा, मग उरलेला निधी पूर्ण करा. निधी पूर्णपणे शून्य ठेवून कर्ज फेडायला गेलात, तर पहिल्याच अडचणीत पुन्हा कार्डावर उधारी चढते.

महिन्याला ३ टक्के व्याज ऐकायला किरकोळ वाटतं. चक्रवाढीने ते वर्षाला ४२.६ टक्के होतं. कुठलीही गुंतवणूक एवढा परतावा खात्रीने देत नाही, आणि कर्जफेडीतून वाचलेल्या व्याजावर कर नसतो. सर्वांत जास्त व्याजदराचं कर्ज आधी, बाकीच्यांचे फक्त ठरलेले हप्ते. स्वस्त दराचं दीर्घ मुदतीचं कर्ज मात्र घाईने फेडून रोकड संपवू नका.

## टप्पा ५: विमा म्हणजे फक्त विमा

'उत्पन्नाच्या दहापट' हा ठोकताळा सगळ्यांना एकच माप लावतो. ज्याच्यावर कुणीच अवलंबून नाही त्याला एवढ्या आयुर्विम्याची गरज नाही, आणि लहान मुलं व कर्ज असलेल्याला तो अनेकदा अपुरा पडतो. मोजणी अशी करा:

१. कुटुंबाचा वार्षिक खर्च, वजा जोडीदाराचं उत्पन्न. समजा ८० वजा ३०, म्हणजे ५०.
२. त्याला अवलंबित्वाच्या वर्षांनी गुणा. ५० गुणिले १८, म्हणजे ९००.
३. फेडायची कर्जं (३००) आणि ठरलेले मोठे खर्च (२००) मिळवा. १,४०० झाले.
४. सहज वापरता येणारी मालमत्ता (२५०) वजा करा. हवा असलेला विमा १,१५०.

यात विम्याच्या रकमेवरचा परतावा महागाईइतकाच धरला आहे. थोडं सावध गृहीतक आहे, पण इथे सावध राहणंच योग्य. आयुर्विम्याइतकाच आजारपणाचा आणि कमावण्याची क्षमता गमावण्याचा विमा पाहा. हा शेवटचा प्रकार जवळपास सगळ्याच आराखड्यांतून गळलेला असतो.

विमा आणि बचत एकत्र असलेली पॉलिसी असेल तर तिचा खरा परतावा काढा. स्प्रेडशीटच्या एका रकान्यात प्रत्येक वर्षाचा हप्ता उणे चिन्हाने लिहा, शेवटी मिळणारी रक्कम अधिक चिन्हाने लिहा आणि आयआरआर (IRR, म्हणजे वर्षाला प्रत्यक्ष पडणारा परताव्याचा दर) हे सूत्र लावा. दरवर्षीच्या सुरुवातीला १ याप्रमाणे २० वर्षं भरले आणि विसाव्या वर्षाअखेरीस ३० मिळाले, तर 'दीडपट' म्हणून खपवलेला हा परतावा वर्षाला फक्त ३.७ टक्के पडतो.

सावधान: जुनी पॉलिसी बंद करण्याआधी नवा विमा मंजूर होऊन सुरू झाला पाहिजे. वय किंवा तब्येत यामुळे नवा विमा नाकारला गेला, तर दोन्ही हातचं जातं.

## टप्पा ६: परताव्याचा आकडा सोलून काढा

सगळ्यात जास्त आराखडे इथे बिघडतात. समजा जाहिरातीत १० टक्के परतावा आहे आणि महागाई ६ टक्के आहे. लोक १० मधून ६ वजा करून ४ टक्के धरतात. प्रत्यक्षात हिशेब असा उतरतो:

- १० टक्क्यांतून १.५ टक्के व्यवस्थापन आणि वितरण खर्च गेला. उरले ८.५.
- नफ्यावर दरवर्षी १० टक्के कर धरला तर उरले ७.६५.
- १.०७६५ ला १.०६ ने भागा. उत्तर १.०१५६. म्हणजे खरा परतावा १.६ टक्क्यांच्या आत.

२५ वर्षांत ४ टक्क्यांनी १०० चे २६७ होतात, १.५६ टक्क्यांनी १४७. आराखडा २६७ वर बेतलेला असेल तर दुरुस्तीची गरज निवृत्तीच्या उंबरठ्यावर कळते. कराचे दर आपल्या देशाप्रमाणे आणि गुंतवणुकीच्या प्रकाराप्रमाणे बदला, पण ही पायरी गाळू नका.

नुसत्या खर्चाचं ओझं किती, तेही बघा. १० टक्क्यांनी ३० वर्षांत १ चे १७.४ होतात, ९ टक्क्यांनी १३.३. वर्षाचा एक टक्का अखेरच्या पुंजीचा जवळपास चौथा हिस्सा घेऊन जातो.

दुसरी चूक सरासरीची. एका वर्षी ५० टक्के वाढ आणि पुढच्या वर्षी ४० टक्के घट, यांची सरासरी अधिक ५ येते. पण १०० चे १५० आणि १५० चे ९० झालेले असतात. माहितीपत्रकात 'सरासरी परतावा' दिसला की चक्रवाढ वार्षिक दर मागा. चढउतार जितके मोठे, तितकं या दोन आकड्यांतलं अंतर मोठं. ३० टक्के घट भरून काढायला ४३ टक्के वाढ लागते, ५० टक्के घटीला १०० टक्के.

तिसरी चूक महागाईची. जाहीर होणारा निर्देशांक सरासरी कुटुंबाचा असतो. उपचार आणि शिक्षण यांचा भार जास्त असेल तर आपली महागाई वेगळी असते. दोन वर्षांचे उतारे शेजारी ठेवून त्याच बाबींवरचा खर्च किती वाढला ते पाहा आणि तो दर वापरा. ६ टक्क्यांनी खर्च १२ वर्षांत दुप्पट होतो आणि ३० वर्षांत ५.७ पट.

पडताळा: आराखड्यात आजच्या किमतीतले खर्च असतील तर परतावाही महागाई वगळून धरा. वाढलेल्या किमतीतले खर्च असतील तर परतावा महागाईसह धरा. आजचा खर्च आणि महागाईसह परतावा यांची सरमिसळ झाली, तर पुंजी कागदावर फुगते आणि चूक डोळ्यांना दिसत नाही.

## टप्पा ७: आराखड्यावर ताण द्या

स्प्रेडशीटमध्ये पाच रकाने करा: वर्ष, सुरुवातीची रक्कम, काढलेली किंवा भरलेली रक्कम, त्या वर्षाचा परतावा, अखेरची रक्कम. परताव्याच्या रकान्यात प्रत्येक वर्षाला वेगळा आकडा घालता आला पाहिजे. बहुतेक ऑनलाइन गणकयंत्रं एकच दर मागतात, आणि नेमकं त्यामुळेच पुढचा धोका झाकला जातो.

१०० ची पुंजी घ्या. पाच वर्षांचे परतावे उणे २०, उणे १०, अधिक १०, अधिक २०, अधिक २५ टक्के. काहीच काढलं नाही तर क्रम सुलटा असो वा उलटा, अखेर ११८.८. आता दरवर्षीच्या सुरुवातीला ६ काढा. घट आधी आली तर अखेर ७६.४ उरतात. तीच वर्षं उलट क्रमाने आली तर ९२.१. सरासरी तीच, काढलेली रक्कमही तीच, तरी पंधराहून जास्त फरक. पडलेल्या भावात विकलेला भाग पुढच्या वाढीत सहभागी होत नाही, हे त्याचं कारण. निवृत्तीच्या आधीची आणि नंतरची पाच-पाच वर्षं म्हणून सर्वांत नाजूक असतात.

आपल्या आकड्यांवर हे चार ताण एकेक करून द्या:

१. दीर्घकालीन परतावा धरल्यापेक्षा ३ टक्क्यांनी कमी.
२. निवृत्तीच्या पहिल्याच वर्षी शेअरमधल्या भागात ४० टक्के घट, आणि पुढची तीन वर्षं वाढ शून्य.
३. कमाईच्या काळात १२ महिने उत्पन्न बंद, त्या वर्षी बचतही शून्य.
४. आयुष्य ९५ वर्षांपर्यंत.

चारही वेळा ऐच्छिक खर्च कापावा लागला तर चालेल. अटळ खर्चाला हात लागला तर आराखडा नापास. मग बचत वाढवा, निवृत्ती पुढे ढकला किंवा उद्दिष्ट लहान करा. परताव्याचं गृहीतक वाढवून आराखडा पास करणं ही स्वतःची फसवणूक आहे, आणि ती फार सहज होते.

'लांब पल्ल्यात बाजार वाढतोच' हे वाक्य इथे ताण टाळण्यासाठी वापरलं जातं. जपानच्या शेअर बाजाराचा निक्केई निर्देशांक डिसेंबर १९८९ मध्ये ज्या उंचीवर होता, ती त्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये ओलांडली. मधली ३४ वर्षं एखाद्याचं अख्खं कमावतं आयुष्य असतं. लाभांश धरला तर चित्र थोडं सुधारतं, पण एकाच देशाच्या बाजारावर सगळं सोपवू नये हे त्यातून स्पष्ट होतं.

## टप्पा ८: आता गुंतवणुकीची विभागणी

तीन वर्षांच्या आत लागणारा पैसा शेअरमध्ये नको. सात वर्षांपलीकडचा बहुतांश तिथे जाऊ शकतो. मधल्या काळासाठी मिश्रण ठेवा आणि उद्दिष्ट जवळ येईल तसा शेअरचा हिस्सा दरवर्षी थोडा-थोडा कमी करा. '१०० वजा वय' एवढे टक्के शेअरमध्ये ठेवा, हा नियम वय सोडून काहीच बघत नाही. पक्कं निवृत्तिवेतन असलेली साठ वर्षांची व्यक्ती आणि काहीच नसलेली साठ वर्षांची व्यक्ती यांना तो एकच उत्तर देतो.

जोखमीची प्रश्नावली भरताना लोक बाजार चढता असेल तर धाडसी उत्तरं देतात. त्याऐवजी टप्पा ७ मधली ४० टक्के घट टक्क्यांत न बघता रकमेत लिहा. ती रक्कम बघून विकावंसं वाटलं तर शेअरचा हिस्सा जास्त आहे. ठरलेल्या विभागणीपासून एखादा भाग ५ टक्क्यांहून जास्त सरकला की पुन्हा जागेवर आणा. शक्यतो नव्या बचतीतूनच आणा, म्हणजे विक्रीचा कर टळतो.

नेहमीची चूक: एकच गुंतवणूक दोन उद्दिष्टांसमोर लिहिणं. प्रत्येक रकमेसमोर एकच उद्दिष्ट लिहा आणि बेरीज एकूण पुंजीइतकी येते का पाहा.

## टप्पा ९: पैसे काढायचे नियम आधीच लिहून ठेवा

जमवण्यावर पानंच्या पानं आणि काढण्यावर एक ओळ, ही नेहमीच्या आराखड्यांची मोठी उणीव. ती ओळ बहुधा ४ टक्क्यांची असते: पहिल्या वर्षी पुंजीच्या ४ टक्के काढा, पुढे तीच रक्कम महागाईप्रमाणे वाढवत न्या. हा आकडा अमेरिकेतले आर्थिक सल्लागार विल्यम बेंगन यांनी १९९४ मध्ये अमेरिकेतल्या शेअर आणि रोख्यांच्या इतिहासावरून, ३० वर्षांच्या निवृत्तीसाठी मांडला. खर्च आणि कर त्यात धरलेले नव्हते. निवृत्ती ४० वर्षांची असेल, महागाई जास्त असेल किंवा खर्चाचा भार मोठा असेल, तर ३ ते ३.५ टक्क्यांपासून सुरू करणं सुरक्षित. म्हणजे वार्षिक खर्चाच्या २५ पट नव्हे, साधारण ३० पट पुंजी.

सोबत हे तीन नियम कागदावर लिहून सही करून ठेवा:

१. वर्षाच्या अटळ खर्चातून निवृत्तिवेतनासारखं खात्रीचं वार्षिक उत्पन्न वजा करा. उरलेल्या रकमेच्या दोन ते तीन पट रक्कम ठेवी किंवा अल्प मुदतीच्या रोख्यांत कायम राहील.
२. पुंजी घटलेल्या वर्षानंतर महागाईची वाढ घ्यायची नाही, आणि त्या वर्षीची रक्कम शेअर न विकता ठेवींतून काढायची.
३. काढायची रक्कम आजच्या पुंजीच्या तुलनेत सुरुवातीच्या टक्केवारीपेक्षा एक पंचमांशाने वर गेली (समजा ३.५ वरून ४.२), तर ऐच्छिक खर्च १० टक्क्यांनी कापायचा.

## टप्पा १०: फेरतपासणी कधी करायची

वर्षातून एकदा, ठरलेल्या महिन्यात. त्याशिवाय नोकरी बदलली, मूल झालं, मोठं कर्ज घेतलं, वारसा मिळाला, विवाह किंवा घटस्फोट झाला, गंभीर आजार निघाला, तर लगेच. बाजार पडला किंवा चढला हे फेरतपासणीचं कारण धरू नका. त्यासाठी टप्पा ८ मधली ५ टक्क्यांची मर्यादा पुरेशी आहे.

दरवेळी टप्पा १ पासून सुरू करा, कारण अटळ खर्च बदलला की निधी, विमा, ताण-चाचणी आणि काढायची रक्कम हे चारही आकडे बदलतात. खाती, पॉलिसी आणि कर्जांची यादी, वारस म्हणून कुणाची नोंद आहे ते, आणि मूळ कागद कुठे ठेवले आहेत ते एका पानावर लिहा. घरातल्या दुसऱ्या व्यक्तीला ते पान दाखवा आणि तिला एकटीला त्यावरून एखादी पॉलिसी व एक खातं शोधून काढायला सांगा. ती अडखळेल तिथे पान दुरुस्त करा.